तुम्ही विचारलंत म्हणून: माळवदाखाली सापडलेली जुनी बंदूक

दसरा जवळ आला की मराठवाड्यातून हा प्रश्न हमखास येतो. "गढी उतरवताना ढेलजेच्या भिंतीत पणजोबांची रायफल सापडली. गंजली आहे. कशानं घासू म्हणजे पूजेपर्यंत चकचकीत होईल?"

कशानंच घासू नका. आधी ती भरलेली आहे असंच धरून चाला. ठासणीच्या, म्हणजे तोंडातून दारू-गोळी ठासायच्या बंदुकीत बार (दारू-गोळीचा भरणा) भरून ती खुंटीला लावून ठेवायची पद्धत होती, कारण वेळेला दारू-गोळी ठासायला अर्धं मिनिट तरी जातं. काळी दारू कोरडी राहिली तर शंभर वर्षांनीही पेटते. ती शिळी होऊन मरते हा समज जिवावर बेतणारा आहे. तपासणी सोपी आहे. नळीचं तोंड कोणाकडेही रोखलेलं नको, स्वतःकडे तर नकोच. करंगळीहून बारीक लाकडी काठी हलक्या हातानं आत सोडा आणि टेकली की नळीच्या तोंडाशी पेन्सिलीनं खूण करा. काठी बाहेर काढून तीच खूण तोंडाशी धरून नळीला बाहेरून लावा. काठीचं टोक मागच्या बाजूला, जिथून दारूला आग लागते त्या बत्तीच्या भोकापर्यंत किंवा ठिणगी देणारी टोपी जिच्यावर बसते त्या निपलपर्यंत पोचलं तर नळी रिकामी. इंच-दोन इंच अलीकडेच थांबलं तर आत बार आहे, किंवा निदान चिंधी आणि गांधीलमाशीचं घर आहे. कोणतं, हे घरी ठरवायचं नाही. लोखंडी गज आत घालू नका, ठोकू नका, उन्हात किंवा चुलीजवळ ठेवू नका. पोलिसांना कळवा, दारू भिजवून बार काढणं हे जाणकाराचं काम.

पोलिसांना तसंही कळवायचंच आहे. "शंभर वर्षांपूर्वीची आहे, लायसन कशाला?" असं गावोगाव ऐकू येतं आणि ते चूक आहे. 1959 च्या शस्त्र कायद्याचं कलम 45 जुन्या, कालबाह्य हत्याराला सूट देतं खरं, पण ते दुरुस्त करूनही बार काढू शकणार नसेल तरच. ठणठणीत नळीची ठासणीची बंदूक त्यात बसत नाही. आणि ती दुरुस्त होईल की नाही, हा निर्णय मालकाचा नसतो. ज्यांच्या नावावर लायसन होतं ते वारले असतील तर बंदूक पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करायची आणि मग वारसानं अर्ज करायचा, हा सरळ रस्ता. कोणी सांगितलं म्हणून नळीला भोक पाडून किंवा वेल्डिंग मारून आणू नका. सूट मिळेलच असं नाही, वस्तू मात्र कायमची गेली.

कागदाचं निस्तरलं की बंदूक वाचायला घ्या. हो, वाचायलाच. आपल्याकडे लांब नळीच्या प्रत्येक बंदुकीला रायफल म्हणतात, पण नळीच्या आत पिळाचे आटे असतील तरच ती रायफल. नळी रिकामी असल्याची खात्री झाली की तोंडातून बारीक टॉर्च टाका आणि डोळा न लावता मोबाईलनं फोटो काढा. 1853 च्या एनफील्ड या इंग्रजी रायफलीला .577 इंचाचा बोर (नळीच्या आतला व्यास) आणि तीन आटे असतात. हुबेहूब तशीच दिसणारी, पण आत गुळगुळीत आणि बोर .656 असेल तर ती 1858 ची मस्केट असू शकते. 1857 च्या उठावानंतर हिंदी शिपायांच्या हाती नेमबाजीची रायफल राहू नये म्हणून काढलेलं ते हत्यार. हिंगोली, जालना, मोमिनाबाद म्हणजे आजचं अंबाजोगाई, इथं हैदराबाद कंटिंजंटच्या, म्हणजे निजामाच्या खर्चानं चालणाऱ्या पण इंग्रज अधिकाऱ्यांच्या हाताखालच्या फौजेच्या छावण्या होत्या. त्यामुळे मराठवाड्यातल्या गढीत इंग्रजी बनावटीचा माल सापडला तर नवल नाही.

चापाजवळच्या लोखंडी पट्टीवरचा मुकुट, अक्षरं, साल टिपून घ्या. व्हिक्टोरिया राणी 1901 च्या जानेवारीत वारली. तेव्हा व्ही-आर (राणीच्या नावाची अक्षरं) यांच्याखाली 1908 कोरलेलं असेल तर ती वायव्य सरहद्दीकडच्या कारागिरांची नक्कल समजा. अक्षरं उलटी असणं, मुकुट वाकडा असणं, या त्याच्याच खुणा. देशी बंदुकीवर फारसी आकडे असतील तर ते बहुधा हिजरी साल. 1270 म्हणजे इसवी 1853-54. सोबत निजामाच्या काळचं उर्दू लायसन सापडलं तर त्यावरचं साल फसली, म्हणजे निजामाच्या राज्यातलं महसुली साल असतं. त्यात 590 मिळवा. 1357 फसली म्हणजे 1947-48. असला कागद बंदुकीइतकाच मोलाचा आहे, तो लॅमिनेट करू नका.

आता गंज. बोटाला लागतो तो लाल, भुसभुशीत गंज जिवंत असतो आणि खातो, तो काढायचा. त्याखालची काळपट-तपकिरी, घट्ट साय मात्र लोखंडाचं पांघरूण आहे. एकोणिसाव्या शतकात कित्येक नळ्यांवर असा तपकिरी रंग मुद्दाम चढवलेला असायचा. पॉलिश पेपरनं तो उडवलात की सोबत शिक्के जातात आणि पीळ घालून घडवलेल्या नळीवरची लाटांसारखी नक्षीही जाते. चिंच आणि लिंबू तर नकोच. आम्ल लोखंडाच्या बारीक छिद्रांत मुरतं आणि पावसाळा लागला की दुप्पट गंज वर येतो.

हातात सुती मोजे घाला, कारण घामातल्या मिठानं बोटांचे ठसे गंजून उमटतात. शिवणयंत्राचं हलकं तेल लावून दोन दिवस ठेवा. मग सुती फडक्यानं आणि बांबूच्या कमचीनं लाल गंज सोडवा. अगदीच हटत नसेल तर 0000 नंबरची स्टील वूल तेलात बुडवून हलक्या हातानं फिरवा, तीही फक्त कोऱ्या लोखंडावर. सोन्या-चांदीची तार ठोकलेली असेल तिथं काहीच घासायचं नाही. तिला बरेचजण बिदरी म्हणतात. बिदरीचा मूळ धातू जस्त-तांब्याचा असतो. लोखंडावरचं हे काम कोफ्तगिरी. तिचा पत्रा इतका पातळ की चार वेळा पुसण्यात उडतो. शेवटी स्पिरिटनं तेल पुसून पूर्ण वाळवा आणि मायक्रोक्रिस्टलाइन मेणाचा पातळ हात द्या.

तेलाबद्दल आपल्या भागात एक चूक घरोघर होते, ती म्हणजे करडईचं तेल. घरात असतं, शुद्ध असतं, म्हणून तेच लावतात. पण करडईचं तेल हवेत वाळून चिकट पापुद्रा धरतं, म्हणून तर त्याचं रोगण करतात. चापाच्या कमानीत (स्प्रिंगमध्ये) ते गेलं की धुळीसकट डिंकासारखं बसतं. मग घोडा, म्हणजे टोपीवर आपटणारा भाग, अडकतो, माणूस जोर लावतो आणि शंभर वर्षं टिकलेली कमान मोडते.

स्क्रू अडला तर तेल सोडून दोन-तीन दिवस थांबा. पेचकसाचं पातं खाचेत पूर्ण भरलं पाहिजे, नाहीतर खाच फाटते. जुने स्क्रू हातानं कापलेले, एकाचा दुसऱ्याच्या भोकात बसत नाही. म्हणून पुठ्ठ्यावर बंदुकीचं चित्र काढून ज्याचा तो तिथं खोवा. चापाची पट्टी उचकटायची नाही. तिचे स्क्रू दोन-तीन फेरे सैल करून त्यांच्या डोक्यावर लाकडी हातोडीनं हळू टिचक्या मारल्या की पट्टी आपोआप वर येते. उचकटलीत तर कुंद्याची, म्हणजे बंदुकीच्या लाकडी दांड्याची, कड फुटलीच म्हणून समजा. तोड्याच्या, म्हणजे पेटत्या वातीनं उडवायच्या बंदुकीच्या नळीला बांधलेल्या चामड्याच्या वाद्या कितीही कुजक्या दिसल्या तरी कापू नका.

लाकडाला पाणी नको, वॉर्निश नको. मे महिन्यातल्या कोरड्या उन्हाळ्यात कुंदा आकसतो. त्याच खोलीत कूलर लावलात तर रात्री फुगतो, दिवसा सुकतो आणि नळीच्या कडेनं तडा जातो. कूलर नसलेली आतली खोली आणि बाहेरच्या भिंतीपासून सुटा कप्पा, इतकं बास. चामड्याच्या म्यानात किंवा रेक्झिनमध्ये गुंडाळू नका. घोडा कधीही चढवून ठेवू नका आणि पाहुण्यांना दाखवायला रिकामा चाप ओढू नका, निपल ठेचते.

राहिली दसऱ्याची पूजा. ती जरूर करा. फक्त ओलं कुंकू लोखंडाला लावलंत तर त्या गोल ठिपक्याखाली दिवाळीपर्यंत खड्डा पडतो, म्हणून ते समोर ठेवलेल्या विड्याच्या पानावर वाहा. लिंबू शेजारी ठेवा, नळीवर पिळू नका. झेंडूचा हार रात्री उतरवा आणि कोरड्या फडक्यानं पुसून बंदूक परत कप्प्यात ठेवा.