सिकलसेल, अकरावा आठवडा आणि माझा भाऊ

लग्न ठरताना मी एकच अट घातली होती. आधी सिकलसेल, म्हणजे आईबापांकडून येणारा तो रक्ताचा आजार, तपासून घ्या, मग पुढचं बोलू. माझा धाकटा भाऊ एसएस आहे, मी एएस. आईबापांकडून एकेक अक्षर येतं, ए चांगलं, एस सिकलचं. म्हणजे तो आजारी, मी नुसती वाहक. आमच्या चंद्रपूरकडे ही अक्षरं कुंडलीच्या आधी विचारायला हवीत, पण विचारली की समोरच्यांची तोंडं वाकडी होतात. यांनी दुसऱ्याच दिवशी रिपोर्टचा फोटो पाठवला. 'हिमोग्लोबिन १४.२.' नॉर्मल. आईने देवापुढे साखर ठेवली.

तो साधा सीबीसी होता, रक्तपेशी आणि हिमोग्लोबिन मोजणारा! वाहकाचं हिमोग्लोबिन बहुधा चांगलंच असतं. ते कोणत्या प्रकारचं आहे हे कळायला इलेक्ट्रोफोरेसिस नाहीतर एचपीएलसी लागते. यांनी लॅबमध्ये 'सिकलसेलचं करायचंय' असं सांगितलं होतं म्हणे, तरी तिथे सीबीसीच केली. पण घरात एसएस भाऊ असून मला तो कागद वाचता आला नाही, याचा राग जास्त आहे.

मला दिवस गेले. आठव्या आठवड्यात डॉक्टरीणबाईंनी फाइल चाळून विचारलं, "मिस्टरांची एचपीएलसी कुठंय?" चार दिवसांनी ती आली. एचबीएस, म्हणजे सिकलचं हिमोग्लोबिन, ३६ टक्के. तेही एएस.

नागपूरला समुपदेशक मॅडमनी कागदावर चार चौकोन काढले : एए, एएस, एएस, एसएस. प्रत्येक गरोदरपणात या चार चिठ्ठ्या नव्याने टाकायच्या, आधीच्या मुलाचा हिशेब पुढच्याला लागू नाही. (माझ्या आईला कुणीतरी 'एकाला झालं, आता दुसऱ्याला होत नाही' असं सांगितलं होतं.) मला वाटलं, आता बाळाचा अख्खा जीनोम, म्हणजे सगळा आनुवंशिक मजकूर, वाचावा लागेल आणि लाखांचं बिल येईल. मॅडम हसल्या. तीनशे कोटी अक्षरांत कुठं बघायचं ते आधीच ठाऊक आहे. बीटा ग्लोबिनच्या जनुकात जीएजीच्या जागी जीटीजी, एवढं एकच अक्षर. आमच्या दोघांच्या रक्ताच्या जांभळ्या टोपणाच्या बाटल्या त्याच दिवशी गेल्या.

बाळाचा नमुना वारेतून घेतात, त्याला सीव्हीएस म्हणतात. दहा आठवड्यांच्या आत करत नाहीत, बाळाच्या हातापायांना धोका असतो. फार उशीर केला तर निर्णयाला वेळ उरत नाही. म्हणून अकरावा आठवडा उजाडताच नंबर लागला. आधी कागदपत्रं. संमतीचा फॉर्म जी मराठीत होता, सगळा वाचून सही केली. मुलगा की मुलगी हे कायद्याने कुणी सांगणार नाही, हेही बजावलं. सासूबाईंनी संध्याकाळी तरी विचारलंच.

पोटावर भुलीचं इंजेक्शन, वर सोनोग्राफीचा थंड जेल आणि पडद्यावर आत शिरणारी सुई. दुखण्यापेक्षा ओढ जाणवते, आतून कुणी दोरा ओढावा तशी. डॉक्टरांनी सिरिंज उजेडात धरली. पाण्यात शिजलेल्या शेवयांचे पांढरे तुकडे तरंगावेत, तसं काहीतरी होतं. तंत्रज्ञ मुलगी ते सूक्ष्मदर्शकाखाली घेऊन बसली, माझ्या पेशी वेचून बाजूला काढायला. त्या राहिल्या तर बाळाऐवजी माझाच रिपोर्ट यायचा.

मग नऊ दिवस थांबायचं होतं. एसएस आलं तर काय करायचं ते आम्ही दोघांनी ठरवलं होतं. ते इथं लिहीत नाही.

त्याच दिवसांत पावसाची झड लागली आणि भावाचे गुडघे धरले. रोजची हायड्रॉक्सीयुरियाची गोळी, फॉलिक ॲसिड, उशाशी दोन लिटरची बाटली. मी पाय शेकत होते. छताकडे बघत तो म्हणाला, "ताई, आईने मले पोटात असताना तपासलं असतं तं?"

मी पिशवीतलं पाणी बदलायला उठले. परत आले तेव्हा त्यानेच विषय बदलला होता. नोव्हेंबर २०२३ मध्ये ब्रिटनने सिकलसेलवरच्या कॅसजेवी या जीन एडिटिंगच्या उपचाराला मान्यता दिली, ते त्याने वाचून ठेवलंय. आपल्याच मूळपेशी बाहेर काढायच्या, त्यांत बदल करून पोटात असतानाचं हिमोग्लोबिन पुन्हा सुरू करायचं, केमो देऊन अस्थिमज्जा रिकामी करायची आणि त्या पेशी परत सोडायच्या. अमेरिकेत किंमत बावीस लाख डॉलर. "आपलं गाव इकलं तरी केमोपुरतेच पैसे होतीन," म्हणाला आणि हसला. हसताना पाय हलला, तसा कळवळलाही.

दहाव्या दिवशी मॅडमचा फोन आला. एएस. आमच्यासारखंच, वाहक. जन्मल्यावर एकदा पुन्हा तपासून खात्री करा, म्हणाल्या.

यांच्याही आधी मी भावाला सांगितलं. पलीकडे थोडा वेळ नुसता पंख्याचा आवाज.

"बरं झालं," तो म्हणाला. मग, "त्या लेकराले लग्नाच्या वेळी सांगजो पण. सीबीसी नाही म्हणा, एचपीएलसी."