आमची वाटचाल : लोकांना लिनक्सवर बसवायचा धंदा

आमचं काम म्हणजे ऑफिसातले पीसी विंडोजवरून लिनक्स या फुकटच्या ऑपरेटिंग सिस्टिमवर न्यायचे आणि मग तिथल्या माणसांचा हात बसेपर्यंत मागे उभं राहायचं. इन्स्टॉल तर कुणीही करतो. खरी मेहनत हात बसवण्यात आहे आणि गिऱ्हाइकाला बिलात नेमकं तेच खुपतं, आजही.

एप्रिल २०१४ ला विंडोज एक्सपीचा सपोर्ट, म्हणजे कंपनीचे सुरक्षेचे अपडेट, संपला म्हणून आमचं नशीब उघडलं असं सगळे म्हणतात. पण त्याच्या आधी आम्ही बुडता बुडता वाचलो ते कुणाला माहीत नाही, म्हणून लिहितोय.

तेव्हा आमची सगळी गिऱ्हाइकं नोम २ वर होती, म्हणजे लिनक्सचा स्क्रीनवर दिसणारा डेस्कटॉप. वर मेनू, खाली उघड्या खिडक्यांची पट्टी, विंडोजवाल्याला लगेच ओळखीचं वाटायचं. २०११ ला नोम ३ आलं आणि त्यात खालची पट्टीही गेली आणि खिडकीवरचं मिनिमाइझचं बटणही गेलं. आम्ही जी सिस्टिम लावत होतो, नाव घेत नाही, तिने नव्या आवृत्तीत आणखी तिसरंच काढलं. आम्ही प्रत्येकाला बजावलं होतं की अपग्रेडची सूचना आली तर हात लावू नका, आधी फोन करा. तरी आमच्या सगळ्यात मोठ्या गिऱ्हाइकाकडे कुणीतरी संध्याकाळी ते बटण दाबलं आणि घरी गेलं. सकाळी बघतात तर डावीकडे चित्रांची उभी पट्टी, आणि फाइल, एडिट वगैरे मेनू खिडकीत नाहीच, तो पार वरच्या कडेला आणि तिथे माउस नेल्याशिवाय दिसायचाही नाही. फोन आला तो "आमचा डेटा उडाला" असाच. डेटा जागच्या जागी होता, पण स्क्रीन ओळखीची राहिली नाही की माणसाला सगळंच गेल्यासारखं वाटतं, त्यात त्याची काय चूक.

आम्ही पोचेपर्यंत दुसरा एक आमच्याच लाइनीतला तिथे बसलेला. "हे पोरांचं खेळणं आहे, ऑफिसात चालत नाही," असं मालकाला सांगून त्याने सगळ्या पीसींवर विंडोज परत टाकलं. लायसन्स कुठून आणलं हे त्याला कुणी विचारलं नाही, आम्हाला मात्र दर बिलाला दहा प्रश्न. वर तो आमच्या बाकीच्या गिऱ्हाइकांकडेही फिरला. एकेक करून बरेच गेले, पगार लांबले, हाताखालचा चांगला पोरगा सोडून गेला. ते अजून सलतं.

राहिल्या त्या एका ट्रान्सपोर्ट ऑफिसच्या अकाउंटवाल्या मॅडम. सुरुवातीला त्यांना आम्ही फोनवर टर्मिनलमध्ये, म्हणजे हुकूम टाइप करून द्यायच्या खिडकीत, एक कमांड द्यायला लावली, पासवर्ड मागितला, तर त्या टाइप करतायत आणि स्क्रीनवर काहीच नाही, एक ठिपकाही नाही. कीबोर्ड बंद पडला म्हणून त्यांनी वायर काढून परत लावली. मग त्यांनी वहीच घातली: पासवर्ड दिसत नाही पण टाइप होतो, सी ड्राइव्ह नाही, आपलं सगळं होम फोल्डरमध्ये, कॅपिटल बी आणि स्मॉल बी च्या बिल नावाच्या फाइली दोन वेगळ्या, पेन ड्राइव्ह इजेक्ट केल्याशिवाय उपटायचा नाही कारण कॉपी झाली असं दिसलं तरी आत लिहिणं चालूच असतं. दुसऱ्याची माणसं आली तेव्हा मॅडमनी ती वही पुढे ठेवली, म्हणाल्या, "माझं काम अडत नाहीये, तुम्ही या." आमचा भिंतीवर लावायचा कागद त्या वहीतूनच तयार झाला.

२०१२ च्या मे महिन्यात मिंट १३ हा लिनक्सचाच एक प्रकार आला, माटे डेस्कटॉपसकट. माटे म्हणजे जुनं नोम २ च पुढे चालवलेलं, आणि सपोर्ट एप्रिल २०१७ पर्यंत. उरलेल्या सगळ्यांना आम्ही एक पैसा न घेता त्यावर नेलं. पुढची वर्षं बरी गेली.

आमची हत्यारं साधी आहेत. लाइव्ह पेन ड्राइव्हचा, म्हणजे इन्स्टॉल न करता ज्यावरून लिनक्स चालवून बघता येतं त्यांचा, जुडगा, प्रत्येकाला टेप लावून नाव लिहिलेलं. आणि कॅमेरा, कारण जुनी सिस्टिम पुसायच्या आधी आम्ही प्रत्येक टेबलावरच्या डेस्कटॉपचा फोटो काढतो आणि नव्यात आयकॉन त्याच जागी लावतो, प्रिंटरचं नावसुद्धा तेच ठेवतो. हे कुठल्या मॅन्युअलात नाही.

आता विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, त्यामुळे पुन्हा लोक विचारतायत, तर सांगतो. आधी विंडोजवरच लिबरऑफिस (वर्ड-एक्सेलसारखं फुकटचं ऑफिस) टाका आणि महिनाभर त्यातच काम करा, सिस्टिम नंतर बदला, दोन्ही एकदम बदललं तर माणूस कशावर चिडलाय तेच कळत नाही. लेटरहेड उघडून बघा, वर्डचा कॅलिब्री फॉन्ट नसला की ओळी सरकतात आणि सही दुसऱ्या पानावर जाते, कार्लिटो फॉन्ट टाकला की अक्षरांची रुंदी तीच राहते. प्रिंटर आणि स्कॅनर लाइव्ह पेन ड्राइव्हवरूनच तपासा, इन्स्टॉलनंतर नाही. दोन्ही सिस्टिम ठेवणार असाल तर विंडोजचं फास्ट स्टार्टअप (पीसी पूर्ण बंद न करता अर्धवट झोपवणारी सोय) बंद करा, नाहीतर लिनक्समधून विंडोजची पार्टिशन, म्हणजे डिस्कवरची तिची जागा, नुसती वाचता येते, लिहिता येत नाही आणि दोष आमच्यावर येतो.

तो दुसरा हल्ली लिनक्सही लावून देतो. त्याच्या एका गिऱ्हाइकाकडे भिंतीवरचा कागद पाहिला, पासवर्डपासून पेन ड्राइव्हपर्यंत ओळी त्याच क्रमाने, मॅडमच्या वहीतल्या शब्दांसकट.