माहेरचं की सासरचं?

लेकीच्या पाठीवर, पोटावर दाण्याएवढे लाल ठिपके उठले. डॉक्टरांनी सोरायसिस म्हटलं आणि घरात पहिला प्रश्न आला, "तुझ्या माहेरून आलंय ना हे?" सासूबाईंचं गणित सोपं. मला आहे, माझ्या बाबांना होता. बाबा परळहून ड्युटीला निघताना मे महिन्यातही लांब बाह्यांचा शर्ट घालायचे. मामींचं निदान वेगळंच: मासे खाऊन वर दूध प्यायली असेल!

माहेरचा वाटा आहेच, नाकारत नाही. सहाव्या क्रोमोसोमवर 'एचएलए-सी०६०२' नावाचा एक जनुकीय प्रकार असतो. त्याचा या आजाराशी सगळ्यात घट्ट संबंध आहे, विशेषतः लहान वयात सुरू होणाऱ्या सोरायसिसशी. पण तो ज्यांच्यात असतो त्यांतल्या बहुतेकांना सोरायसिस कधीच होत नाही. अगदी एकसारख्या जुळ्यांतही एकाला होतो, दुसऱ्याला होईलच असं नाही. शिवाय या आजाराशी जोडलेले जनुकीय बदल डझनावारी आहेत, तेव्हा थोडे सासरचेही असतील. (हे मी सासूबाईंना सांगितलेलं नाही.)

लेकीच्या बाबतीत निमित्त ठरला घसा. त्याआधी तिला टॉन्सिल्स झाले होते. घसा धरणाऱ्या स्ट्रेप्टोकोकस जंतूंशी लढायला उठलेल्या टी-पेशी, म्हणजे रोगप्रतिकारशक्तीचे शिपाई, कधीकधी स्वतःच्याच त्वचेवर उलटतात. मग इंटरल्यूकिन-२३ आणि १७ हे निरोप्ये धावायला लागतात. एरवी त्वचेची पेशी तयार होऊन झडायला साधारण महिना लागतो, इथे ते काही दिवसांत उरकतं. म्हणून पापुद्रे साचतात. यात रक्त 'अशुद्ध' वगैरे काही नसतं, आणि हे स्पर्शाने पसरत नाही. लोकलमध्ये माझी कोपरं बघून चौथ्या सीटवरच्या बाई उठून उभ्या राहतात, तेव्हा मी आरामात पसरून बसते.

पूर्वी डॉक्टरसुद्धा हा निव्वळ त्वचेच्या पेशींचा दोष मानायचे. १९७९ मध्ये सांधेदुखीसाठी सायक्लोस्पोरिन दिलेल्या रुग्णांचा सोरायसिसही ओसरलेला दिसला. ते औषध टी-पेशींना आवरतं, त्यामुळे संशयाची सुई रोगप्रतिकारशक्तीकडे वळली. आता थेट इंटरल्यूकिन-१७ ला अडवणारी इंजेक्शनं मिळतात. आपल्या खिशाला ती जडच.

माझ्या डाव्या खांद्यावरचा चट्टा मात्र पर्सच्या पट्ट्याचा. त्वचा घासली, खरचटली की तिथेच नवा चट्टा उठतो, त्याला कोब्नर परिणाम म्हणतात. गर्दीत पर्स पोटाशी धरावी लागते, ते चोरांमुळे आणि यामुळेही.

एकच गोष्ट कळकळीने सांगते: केमिस्टकडून स्टेरॉइडच्या गोळ्या आणून परस्पर घेऊ नका. त्या थांबवल्या की हा दुप्पट जोराने उसळू शकतो.

लेकीचे ठिपके फिके पडतायत. हल्ली सकाळी माझीच बोटं आखडलेली असतात, मूठ वळायला वेळ लागतो. सोरायसिस सांध्यांतही उतरतो, तेव्हा या खेपेला डॉक्टरांकडे माझाही नंबर लावलाय.