सारंगखेड्याच्या पुढे

आज ह्यांच्याशी बोलले नाही असं काही नाही. पेट्रोलचा कॅन झाकला का, नंदूभाऊंचा फोन येऊन गेला, गोळी घेतली का, सगळं बोलले. जे बोलायचं होतं तेवढं सोडून बाकी सगळं बोलले आणि आता प्रकाशा गावी खोलीवर येऊन पाठ टेकली तरी तेच डोक्यात फिरतंय, म्हणून उठून लिहायला बसले. हे घोरतायत.

आम्ही दोघं तापीतून बोटीनं चाललोय, आणि आज झालं एवढंच की ह्यांनी बोटीचं हँडल एका पोराच्या हातात दिलं.

पोरगा चांगला होता, त्याच्यावर माझा काडीचा राग नाही. सारंगखेड्याच्या बॅरेजखाली ट्रॉलीतून बोट उतरवली तेव्हा चारपाच भोई मंडळी हात लावायला आली, त्यातला हा. घोड्यांच्या बाजारातले तंबू अजून पुरते निघाले नव्हते, तिथंच कुठंतरी दत्तजयंतीपासून हमाली करत होता म्हणे आणि आता गावी जायचं होतं, गाव नदीच्या काठीच, म्हटलं चल बस. बॅरेजच्या खाली पाणी उथळ आणि खडक फार, तेवढा टप्पा त्यानंच पार करून दिला. माझ्या शेजारी नाकाडावर बसून, "आठे खडक शे मावशी, जपीसन." माहेर अमळनेरचं, त्यामुळे अहिराणी कानावर पडली की मला एरवी किती बरं वाटतं. आजही वाटलंच.

मग पाणी मोठं झालं. दोन्हीकडे काळ्या मातीच्या उंच दरडी, वर पपईची झाडं, उजवीकडे लांबवर सातपुडा. असं निवांत पाणी लागलं की हे इंजिन हळू करतात आणि शेंगा काढतात. आज शेंगा काढल्या आणि पोराला म्हणाले, "ये रे मागे, चालवून बघतो का?"

त्याचं तोंड बघण्यासारखं झालं होतं. वल्हं सोडून काही हातात धरलेलं नसेल त्यानं. आणि हे त्याला एकेक समजावून सांगायला लागले, हँडल डावीकडे दाबलं की बोट उजवीकडे वळते, मूठ पिळली की स्पीड, वळताना स्पीड आधी कमी करायचा, पाला अडकून आवाज बदलला की लगेच बंद करून पंखा वर घ्यायचा. किती शांतपणे सांगत होते. चुकला तर हसत होते. मी पुढे बसून ऐकत होते आणि मला एकदम गळ्याशी आल्यासारखं झालं, कारण ह्यातलं एक अक्षर ह्यांनी मला कधी सांगितलेलं नाही. मला हे माहीत आहे ते बघून बघून. चांगदेवला पूर्णेच्या संगमावर हे बोट शिकत होते तेव्हापासून मी बघतेय, आणि तेव्हापासून माझी जागा पुढे आणि ह्यांची मागे, हे कोणी ठरवलं ते कोणालाच आठवत नाही.

बोटीच्या पैशांचं मी काढणार नाही. ते राहू दे.

पण ह्यांना मला कधी "ये मागे" म्हणावंसं वाटलं नाही का? मुडावदला कपिलेश्वराच्या पायथ्याशी पांझरेच्या संगमावर बोट सोडली तेव्हापासून सुलवाड्यापर्यंत किती निवांत पाणी होतं, तिथे नाही, सुलवाड्याच्या पुढे नाही. अनोळखी पोराला म्हणता येतं, मग मला का नाही? भीती वाटते का माझी, की मी घाबरेन अशी? की डोक्यात येतच नाही? हे तिसरं मला जास्त लागतं. भीती वाटत असेल तर निदान विचार तरी केला म्हणायचा.

वाटेत कोणी विचारलं की हे सांगतात, तापी कायद्यानं राष्ट्रीय जलमार्ग आहे, क्रमांक १००, २०१६ चा कायदा, हतनूर धरणापासून खंबातच्या आखातापर्यंत ४३६ किलोमीटर. ट्रॅक्टरवाल्यालासुद्धा सांगितलं. तो म्हणाला मग माझा ट्रॅक्टर कशाला लागतो काका, आणि त्याचंही खरंच आहे, कारण एकाही बॅरेजला बोट खाली उतरवायची सोय नाही. फरक्क्याला गंगेवर असतो तसा कप्पा, की बोट आत घ्यायची, दार लावायचं, पाणी कमी करायचं आणि पुढचं दार उघडायचं, तसं तापीवर कुठेच नाही. ह्यांना मुळात भुसावळपासूनच निघायचं होतं, घरून निघाल्यासारखं, पण हिवाळ्यात हतनूरच्या खाली सलग पाणी कुठे असतं. गेट बंद करून जिथे पाणी अडवलंय तेवढीच नदी बोटीला पुरते, बाकी ट्रॉली. प्रत्येक वेळेस पेंढ्यावर बोट चढवायची, दोर आवळायचे, आणि मी ट्रॅक्टरच्या मडगार्डवर बसून मागे वळून वळून बघायचं कुठे घासत तर नाही. ही बोट माझीही आहे हो. रात्री तिच्यावर ताडपत्री मी टाकते.

आणि बांबू माझा आहे. हे लिहायलाच हवं. त्याला हातहातभर अंतरावर लाल चिकटपट्टी मी लावली. तो पाण्यात टाकला की खाली काय आहे ते मला हाताला कळतं, खडक असला तर मनगटापर्यंत टक् येतो, वाळू असली तर आवाज नाही पण बांबू थोडा रुततो आणि सहज निघतो, आणि गाळ असला तर निघतच नाही, बोट पुढे जाते आणि बांबू मागे राहतो, तेव्हा वेळेवर पिळून ओढायचा. पहिल्यांदा खांदे एवढे दुखले की कळण्याची भाकरी थापता येईना. आता मी बांबू टाकायच्या आधी पाण्याच्या रंगावरून सांगते आणि बहुतेक बरोबर निघतं. "दोन हात." "दीड." "खडक, उजवीकडे."

आणि हे मागून तेच परत म्हणतात. "दोन हात." "दीड." "खडक, उजवीकडे."

आज संध्याकाळी घाटावर बोट बांधताना हेच डोक्यात आलं आणि मी दोर हातात घेऊन थांबलेच. इतके दिवस मला वाटायचं ह्यांना नीट ऐकू आलं नाही म्हणून खात्री करतात. तसं नाही ते. हे रेल्वेचे ड्रायव्हर, रेल्वेच्या इंजिनात असिस्टंट सिग्नल बघून म्हणणार "डबल यलो", ड्रायव्हरनं तेच मोठ्यानं परत म्हणायचं, तसा नियमच आहे, आणि हे तर झोपेतसुद्धा म्हणायचे, थोरली लेक लहान असताना घाबरून उठायची. सगळी नोकरी ह्यांनी ज्याच्या आवाजावर काढली, त्या जागेवर ह्यांनी मला बसवलंय. आणि मग हेही आठवलं की दुपारी पोरगं हँडल धरून वेडंवाकडं बघत होतं, समोर जाळ्यांच्या बाटल्या तरंगत होत्या, तेव्हा हे त्याला म्हणाले, "इकडेतिकडे नको बघू, काकू काय सांगते ते ऐक." मी "जाळं, डावीकडून घे" म्हटलं आणि ते पोरगंही मागून ओरडलं, "जाळं, डावीकडून!" माझ्या रागात ते ऐकू येऊनसुद्धा आलं नव्हतं.

बरं वाटलं. खोटं कशाला बोलू, खूप बरं वाटलं. तिथेच घाटाच्या पायरीवर बसले थोडा वेळ, केदारेश्वराच्या आरतीची घंटा चालू होती, खालच्या पायरीवर कोणाच्यातरी अस्थी घेऊन आलेली माणसं भटजींची वाट बघत होती. सासूबाईंच्या वेळेस आपण पण इथेच. ते आज नको.

पण बरं वाटलं म्हणून ते गेलं असं झालं नाही. असिस्टंटचा मान मोठा आहे, मान्य. पण असिस्टंट कायम असिस्टंट राहत नाही ना, त्याला शिकवतात, परीक्षा घेतात, आणि एक दिवस तोही उजव्या सीटवरून डाव्या सीटवर जातो, ह्यांचेच किती असिस्टंट पुढे मेलचे ड्रायव्हर झाले, दिवाळीला पेढे घेऊन यायचे आणि हे किती खूष व्हायचे. शिकवायला ह्यांना आवडतं. आज पोराला शिकवताना जसा चेहरा होता तसा निवृत्तीनंतर मी कमी वेळा पाहिलाय, आणि त्या चेहऱ्याकडे बघून मला राग आला, हे मला सगळ्यात जास्त टोचतंय. मला तो चेहरा समोर बसून बघायचाय, पाठमोरं बसून नुसतं ऐकायचं नाहीये.

आता प्रकाशाच्या बॅरेजखाली परत ट्रॅक्टर, ट्रॅक्टरवाल्याला सकाळी फोन करायचा, आणि मग थेट उकई धरणाचं बॅकवॉटर. १९७२ पासून अडवलेलं पाणी ते, घाटावरचे लोक म्हणाले समुद्रासारखं दिसतं, काठ सोडला की खोलच खोल. म्हणजे तिथे बांबू टेकणारच नाही. पुढे बसून काम राहतं ते फक्त लांबवरची जाळी आणि पाण्यातली खोडं बघायचं, आणि लांबचं माझ्यापेक्षा ह्यांना चांगलं दिसतं, रेल्वेनं आयुष्यभर डोळे तपासलेत ह्यांचे. मला चष्म्यानंसुद्धा पलीकडचा काठ धूसर दिसतो. तर उकईला हे पुढे आणि मी मागे. हे सांगतील ते मी मोठ्यानं परत म्हणेन. चहाच्या वेळेलाच सांगून टाकते, ट्रॅक्टर यायच्या आधी, कारण एकदा दोर बांधायला लागले की हे कोणाचं काही ऐकत नाहीत.