कोणतं दूध कशाला

नागपुरात कुणाकडे चहा घेतला की त्या घरी म्हशीचं दूध येतं की पाकिटाचं, हे पहिल्या घोटात कळतं. आणि कळलं की बोललंही जातं. ‘काऊन जी काकू, पाकीट सुरू केलं का?’ असं भर बैठकीत विचारलेलं मी ऐकलं आहे. त्यावर काकू बिचाऱ्या गवळी गावाला गेलाय, म्हैस आटली आहे, अशी कारणं देत बसल्या. जणू घरातला दागिना गहाण पडला होता.

आमच्याकडे चांगलं दूध म्हणजे सायीचं दूध. सासूबाईंची परीक्षा ठरलेली आहे. दूध मंद आचेवर तापवायचं, जाळीखाली निवू द्यायचं आणि मग उलथन्याची कड पातेल्याच्या काठाकाठाने फिरवून साय उचलायची. एकसंध निघाली तर दूध पास. मधेच तुटली तर दुसऱ्या दिवशी सकाळी गवळ्याची खैर नाही. या परीक्षेत गाईचं दूध कायमचं नापास. मला विचाराल तर परीक्षाच चुकीची आहे. दूध चांगलं की वाईट हे ते कशात घालणार, यावर ठरतं.

बासुंदी, रबडी, खवा यांच्याबाबतीत मात्र सासूबाईंशी वाद घालण्यात अर्थ नाही. म्हशीच्या दुधात स्निग्धांश साधारण सात टक्के, गाईच्या दुधात चारच्या आसपास. बाकीचे घन पदार्थही म्हशीच्या दुधात जास्त, म्हणून ते लवकर आटतं आणि गॅस वाचतो. लिटरभर म्हशीच्या दुधातून दोनशे ग्रॅमच्या वर खवा पडतो, तोही पांढराशुभ्र, रवाळ आणि तूप सुटणारा. गाईच्या दुधाचा खवा त्याहून कमी, पिवळसर, चिकट आणि किंचित खारट. तो पिवळेपणा चाऱ्यातल्या कॅरोटीनचा. म्हैस त्याचं जीवनसत्त्व ‘अ’ करून टाकते, म्हणून तिचं दूध, लोणी, तूप सगळं पांढरं.

आपल्याकडची नागपुरी म्हैस पाहिली आहे का? लांबलचक, तलवारीसारखी मागे वळलेली शिंगं थेट खांद्यापर्यंत जातात. विदर्भाच्या उन्हात टिकणारी, पण मुऱ्हा म्हशीइतकं दूध देणारी नव्हे. त्यामुळे गोठ्यांमधून मुऱ्हा वाढत गेली. शेजारच्या वर्धेकडची गवळाऊ गाय तर दुधापेक्षा कामालाच जास्त. तिचे बैल चपळ, आणि मराठ्यांच्या फौजेची रसद वाहायला ही जात नावाजली गेली असं सांगतात. पण वर्ध्याचं गाईच्या तुपातलं गोरसपाक हे बिस्कीट खाल्लं की गाईच्या दुधाला नापास करणं जड जातं.

छेना, म्हणजे दूध फाडून गाळलेला मऊ चोथा करायचा तर गाईचंच दूध हवं. त्याचा छेना मऊ पडतो, म्हणून रसगुल्ला पाकात फुगतो आणि दाबला की पुन्हा वर येतो. म्हशीच्या दुधाचा छेना घट्ट, म्हणून त्याचा रसगुल्ला रबरासारखा होतो. हाच घट्टपणा पनीरला मात्र हवा असतो, नाहीतर भाजीत तुकडे मोडतात. दोन्हीकडे तेच लिंबू आणि तेच पातेलं. जनावर बदललं एवढंच.

आता पाकीट. टोन्ड दुधाला लोक ‘पाणी’ म्हणतात आणि ते शब्दशः खरंही आहे. 1946 च्या सुमारास मुंबईत दूध कमी आणि माणसं फार, अशी स्थिती होती. तेव्हा दुग्धव्यवसायातल्या दारा खुरोडींनी म्हशीच्या दाट दुधात पाणी, आणि सोबत साय काढलेल्या दुधाची भुकटी घालून हा प्रकार सुरू केला. स्निग्धांश तीन टक्क्यांवर आला, प्रथिनं जवळपास तशीच राहिली आणि दूध स्वस्त झालं. दुधात पाणी घालणाऱ्या गवळ्याला आपण शिव्या घालतो, पण खुरोडींनी हिशोबाने घातलं. पुढे 1963 साली अमूलचे कुरियन आणि त्रिभुवनदास पटेल यांच्यासोबत त्यांना मॅगसेसे पुरस्कारही मिळाला. फरक भुकटीचा असतो.

डेअरीवर कुणी टोन्ड, डबल टोन्ड असं म्हणत नाही. रंगावर चालतं. ‘दोन हिरवे, एक निळं द्या जी भाऊ.’ रंग कंपनीगणिक बदलतात, म्हणून पाकीट उलटून टक्के वाचावेत. फुल क्रीम सहा, टोन्ड तीन, डबल टोन्ड दीड. यातलं डबल टोन्ड आमच्या सासूबाईंच्या मते मांजरालाही देऊ नये. माझ्या मते दह्याला ते उत्तम. दही जमतं ते प्रथिनांमुळे. स्निग्धांशाचं काम फक्त जिभेवर गुळगुळीत लागण्याचं. डबल टोन्डमध्ये स्निग्धांश सोडून उरलेले घन पदार्थ नऊ टक्के, म्हणजे टोन्डपेक्षा अर्धा टक्का जास्तच. दही सुरीने कापावं असं लागतं. मे महिन्यात पारा पंचेचाळीसला असताना रात्री विरजण लावलं तर पहाटेपर्यंत दात आंबवणारं दही होतं. ते फेकू नये, गोळ्याच्या कढीला तेच लागतं. अशा दह्याचं ताक आधीच हलकं असतं, त्यात बेसन कालवलं की कढी उकळतानाही फुटत नाही. श्रीखंडाला मात्र हे दही घेऊ नये, चक्का कोरडा आणि खरखरीत होतो.

लांब टिकणारं खोक्यातलं दूध मी प्रवासात चहापुरतं नेते. ते इतक्या कडक उष्णतेतून गेलेलं असतं की त्याचं पनीर नीट जमत नाही. नारळाचं दूध उकळलं की फुटतं, आणि ओट, सोयाबद्दल मला फारसं प्रेम नाही. चहात घालून पाहावं, मग आपणच ठरवावं.

आमच्या शहराने दुधापुढे ठेवलेला खरा पेच संत्र्याचा. गरम दुधात संत्र्याचा रस पडला की दूध फाटलंच. म्हणून बर्फीवाले गर साखरेत आटवून घेतात आणि मग खव्यात मिसळतात. घरी संत्रा बासुंदी करायची तर म्हशीचं दूध आटवून पूर्ण निवू द्यावं, फ्रिजमध्ये गार करावं. संत्री शक्यतो मृग बहाराची, फेब्रुवारी-मार्चमधली, गोड घ्यावीत. प्रत्येक फोडीचं पातळ साल आणि बी काढून गर मोकळा करावा आणि ताटात वाढायच्या ऐन वेळी बासुंदीत सोडावा. कामाला दोन माणसं लागतात, सोलणारा आणि त्याच्यावर लक्ष ठेवणारा. फोड आंबट निघाली तर ती सोलणाऱ्याने खायची, असा आमच्याकडे नियम आहे. गोड निघालेल्या फोडींचा हिशोब मात्र कधीच जुळत नाही.