तुम्ही विचारलंत म्हणून: पैसे कंपन्यांचे, मग निष्कर्ष कुणाचे?

व्याख्यान संपल्यावर, प्रबंधांच्या तोंडी परीक्षेत आणि हल्ली घरच्यांकडूनही मला एकच प्रश्न येतो. रेल्वेगाड्या चालवणाऱ्या आणि त्यांची चाके बनवणाऱ्या कंपन्यांच्या पैशावर तुमची प्रयोगशाळा चालते, मग तुमच्या निष्कर्षांवर विश्वास का ठेवावा? विचारणाऱ्याच्या मनात उत्तर बहुधा आधीच ठरलेले असते, म्हणून आजवर मी दोन वाक्यांत विषय मिटवत आलो.

पैसा हा त्यातला लहान भाग आहे. आम्हाला त्यांच्याकडून हवी असतात ती वापरलेली चाके. चाक आणि रूळ एकमेकांना टेकतात ती जागा जेमतेम एका चौरस सेंटिमीटरची असते आणि 20 टन आसभाराच्या डब्यात, म्हणजे दोन चाकांना जोडणाऱ्या एका आसावर 20 टन भार असताना, प्रत्येक चाकाच्या तेवढ्याशा जागेवर 10 टन भार येतो. तिथले ताण जर्मन भौतिकशास्त्रज्ञ हर्ट्झच्या 1882 च्या सिद्धान्ताने काढता येतात आणि चाक किंचित घसरत फिरते तेव्हाच्या बलांचे गणित नेदरलँड्समधील डेल्फ्ट विद्यापीठाच्या काल्कर यांनी मांडून ठेवले आहे. एवढे विद्यापीठात बसून होते. परंतु पाऊस, कुजलेली पाने, वाळू आणि ब्रेकची उष्णता सोसत लाखो किलोमीटर धावलेले चाक आमच्या चाचणीयंत्रावर घडवता येत नाही. धातूच्या थकव्याचा, म्हणजे पुन्हा पुन्हा ताण येऊन धातूला भेगा पडण्याचा, पद्धतशीर अभ्यास ज्या ऑगस्ट व्होलरने केला, तोही रेल्वेचाच अभियंता होता आणि त्याच्यासमोर प्रश्न होता तो गाड्यांच्या तुटणाऱ्या आसांचा. उद्योगापासून अलिप्त राहिलेले शुद्ध संशोधन या विषयात कधी होते, असे मला वाटत नाही.

तरीही तुमचा प्रश्न खोटा नाही, आणि तो का खोटा नाही हे मला एका प्रबंधामुळे कळले.

माझी एक विद्यार्थिनी चाकांच्या धावेवरील, म्हणजे रुळावर टेकणाऱ्या पृष्ठभागावरील, भेगांचा अभ्यास करत होती. भागीदार कंपनीला भेगा पडलेला वरचा थर काढण्यासाठी चाके लेथवर कातून घेतात, त्या दोन कातकामांमधला काळ वाढवता येईल का, हे जाणून घ्यायचे होते. प्रत्येक कातकामात चाकाचे आयुष्य घटते, त्यामुळे ही अपेक्षा अवाजवी नव्हती. तिने चाके कापून भेगांची खोली मोजली, तेव्हा ज्या डब्यांचे ब्रेक थेट धावेवर घासतात त्यांच्या चाकांत भेगा आमच्या गणितापेक्षा बऱ्याच खोल गेलेल्या आढळल्या. गणितात फिरण्याचे ताण होते, ब्रेकच्या उष्णतेचा परिणाम पुरेसा नव्हता. कंपनीने निष्कर्ष मान्य केला आणि त्या डब्यांसाठी कातकामाचा काळ उलट कमी केला. मात्र चाकांच्या खरेदीची बोलणी सुरू असल्याचे सांगून आकडे छापायला मनाई केली. करारातील गोपनीयतेच्या कलमानुसार तो त्यांचा अधिकारच होता. काही महिने पत्रव्यवहार चालला आणि अखेर आलेखांच्या अक्षांवरील आकडे काढून ते प्रकरण प्रबंधात ठेवायचे ठरले. तोंडी परीक्षेत बाहेरून आलेल्या परीक्षकांनी साधेच विचारले, "ही भेग किती मिलिमीटर खोल आहे?" तिने माझ्याकडे पाहिले आणि आम्हा दोघांना उत्तर ठाऊक असूनही कुणीच दिले नाही. अहवालात परीक्षकांनी लिहिले की हे प्रकरण पडताळता येत नाही. पदवी मिळाली, तिचे सर्वांत चांगले काम मात्र अजून अप्रकाशित आहे.

जे छापता येत नाही ते संशोधनच नव्हे, असे मी तरुणपणी ठामपणे म्हणत असे. त्या वेळच्या मला आज मी सांगेन की त्या आकड्यांमुळे काही डब्यांची चाके वेळेवर कातली जाऊ लागली आणि प्रवाशाला प्रकाशित निबंधापेक्षा त्याची गरज जास्त होती. पण तो तरुण मला विचारेल की तशाच ब्रेकचे डबे चालवणाऱ्या इतर कंपन्यांचे काय, त्यांना कोण सांगणार? त्यावर माझ्याकडे उत्तर नाही. 17 ऑक्टोबर 2000 रोजी इंग्लंडमध्ये हॅटफिल्डजवळ रूळ तुटून चार प्रवासी दगावले. त्या रुळातील भेगा आधीच लक्षात आल्या होत्या आणि रूळ बदलायचेही ठरले होते. माहिती कुणाजवळ तरी असणे एवढे पुरत नाही, हे तिथे दिसले. म्हणूनच आकडे नसलेले ते अक्ष मला सलतात.

स्वीडनमध्ये चाल्मर्स विद्यापीठात 1995 पासून रेल्वे यांत्रिकीचे एक केंद्र चालते, त्यात रूळ सांभाळणारे, गाड्या चालवणारे आणि सुटे भाग बनवणारे असे अनेक भागीदार एकत्र आहेत. भागीदार अनेक असले की एकट्याच्या हाती निकाल राहत नाही, असे मला वाटते, आणि आम्हीही तसाच प्रयत्न करत आहोत. नव्या करारात मी एक कलम घातले आहे: सुरक्षिततेशी संबंध असलेले मोजमाप ठरावीक मुदतीनंतर एककांसह प्रकाशित होईल. दोन भागीदारांनी होकार दिला आहे. तिसऱ्याला ‘सुरक्षिततेशी संबंध’ कोण ठरवणार, हे आधी लिहून हवे आहे. ही शंका रास्त असल्यामुळे त्या कलमाचा मसुदा मी पुन्हा लिहितो आहे.