कुसी सुटला की आमची आगोट

आगोटीसाठी, म्हणजे पावसाआधीच्या तयारीसाठी, दापोली तालुक्यातल्या आंजर्ल्याला येऊन आज अठरावा दिवस. सकाळपासून परसातल्या मांगरावर, म्हणजे लाकडं ठेवायच्या खोपीवर, माडाच्या झावळ्यांची झापं चढवायचं काम चाललंय. शेजारचे काका शिडीवर, मी खालून एकेक झाप वर देतेय आणि आई ओटीवर बसून मोजतायत. आई म्हणजे माझ्या सासूबाई, वय वर्षं ८१. यंदा त्यांना कुठल्याच कामाला हात लावू द्यायचा नाही असं मी येतानाच ठरवलं होतं, पण मोजदाद काढून घेतली असती तर दिवसभर बोलल्या नसत्या. पौर्णिमेच्या आत विणलेली झापं किती, नंतरची किती, हे त्यांना एकदाच सांगितलं तरी लक्षात राहतं.

मी २१ वर्षं केनियात, मोंबासाला राहते. नवरा बंदराजवळच्या एका शीतगृहात यंत्रं सांभाळतो, मी एका दुकानाचे हिशेब लिहिते. गावात पहिला प्रश्न ठरलेला असतो, "तिकडचा उन्हाळा कसा गं सोसतेस?" उन्हाळ्याचं मला कधीच काही वाटलं नाही. मोंबासा विषुववृत्तापासून चारच अंश दक्षिणेला आहे, पण हवा आपलीच. तोच घाम, फ्रिजच्या मागे तोच गंज, कपाटातल्या रेशमी साडीला तीच बुरशी. फरक एवढाच की इथे सूर्य समुद्रात बुडतो आणि तिथे समुद्रातून वर येतो. समुद्र मधे एकच आहे.

पहिल्या वर्षी बाजारात गेले तेव्हा नारळवाल्यानं विचारलं, डाफू, कोरोमा की नाझी? स्वाहिलीचा एक शब्द मला येत नव्हता. पण समोरचे तीन ढीग बघितले आणि कळलं, शहाळं, आडसर, नारळ. नारळाच्या वयाप्रमाणे त्याला नाव देणारी भाषा मला परकी वाटली नाही. खवणीला तिथे म्बुझी म्हणतात, म्हणजे बकरी. बसायला लाकडी बैठक, पुढे मान काढल्यासारखं दातेरी पातं, आपल्या घरच्या खवणीसारखंच. झापांना मकुटी. दुकानाला दुका, बंदराला बंदारी, पैशाला पेसा. मोबाइलवरून पैसे द्यायची सोय तिथे २००७ साली आली, तिचं नावच एम-पेसा. भाजीवालीपासून पाण्याच्या टँकरवाल्यापर्यंत सगळे व्यवहार मी त्यावर करते.

पाण्याचा टँकर हा आमच्या रोजच्या जगण्यातला मोठा विषय आहे. आमच्या भागात नळाला रोज पाणी येत नाही आणि बोअरवेलचं पाणी मचूळ. मचूळ पाण्यात तूरडाळ शिजत नाही, कितीही शिट्ट्या द्या. म्हणून स्वयंपाकाचं पाणी वेगळं, अंघोळीचं वेगळं, भांड्यांचं वेगळं. इथे आले की पहिले दोन दिवस मी विहिरीवर नुसती उभी राहते आणि रहाटाचं पाणी पायावर ओतून घेते. आई ओरडतात, "अगं, पाय भेगाळतील." मी ओतत राहते.

मेच्याच महिन्यात का येते, हे मला मुंबईच्या नातेवाइकांना दर वर्षी सांगावं लागतं. गणपतीला ये, म्हणतात. गणपतीला सगळा कोकण येतो, घरं भरलेली असतात, कामाला माणसं असतात. पण घराला माझी गरज असते ती आगोटीला. पावसाच्या आधीचे हे तीन आठवडे चुकले की मग पुढचे चार महिने काहीच करता येत नाही. कौलं शाकारायची, पावळीखालचा चर साफ करायचा, लाकडं आणि गोवऱ्या मांगरात भरायच्या, पडवीच्या पावसाकडच्या बाजूला झापं लावायची, तांदूळ, कुळीथ, मीठ, सुकी मासळी यांची बेगमी करायची. आमसुलं आणि फणसपोळीही ऊन आहे तोवर सुकली पाहिजेत.

पैसे मी मोंबासाहूनही पाठवू शकते आणि पाठवतेही. काकांना फोन केला की ते पाचव्या मिनिटाला आमच्या अंगणात असतात, इतका भला माणूस. पण कुठलं कौल आत्ताच बदलायचं आणि कुठलं अजून एक पाऊस काढेल, कुठला वासा ठोकल्यावर पोकळ वाजतो, हे घरच्या माणसानं वर चढून बघावं लागतं. परवा मी चढले. कोनवाशाला, म्हणजे छपराच्या कोपऱ्याच्या वाशाला, वाळवीची बारीक मातीची रेघ होती, बोटभर लांब. फोनवर ती कोणी मला सांगितली नसती, कारण ती कोणाला दिसलीच नसती.

आमच्या पाखाडीत ११ घरं. त्यांतली पाच बंद आहेत. बंद घर दोन पावसाळे काढतं असं मी बघत आलेय. एखादं कौल सरकतं, वाऱ्यानं किंवा माकडांनी. आतून कोणी बघणारं नसतं. पाणी भिंतीत मुरतं, तिसऱ्या वर्षी कोनवासा कुजतो, त्याच्यापाठोपाठ चौकट सुटते. मग एका मे महिन्यात आपण येतो तेव्हा माजघरात उजेड पडलेला असतो. पलीकडच्या घरात मी असा उजेड बघितला आहे. त्या घरचे मस्कतला आहेत. त्यांना दोष देववत नाही. दोन रजा जोडून मिळणं किती कठीण असतं ते मला माहीत आहे.

मी तिकीट कधी काढते ते सांगते. मोंबासाला वर्षात दोन वारे. नोव्हेंबर ते मार्च ईशान्येचा, त्याला कस्काझी म्हणतात, आणि एप्रिलपासून दक्षिणेचा कुसी. शिडाची गलबतं शेकडो वर्षं कस्काझीवर आफ्रिकेकडे जायची आणि कुसीवर परतायची. एप्रिलमध्ये आमच्या गॅलरीतले वाळत घातलेले कपडे उलट्या दिशेला उडायला लागतात, मोंबासाचा मोठा पाऊस सुरू होतो. हाच दक्षिणेचा वारा आफ्रिकेच्या किनाऱ्यालगत वर सरकत विषुववृत्त ओलांडतो, सोमालियापाशी उजवीकडे वळतो आणि अरबी समुद्रावरचं बाष्प घेऊन मिरगाच्या सुमारास आपल्यावर येतो. आपण ज्याला नैर्ऋत्य मोसमी वारा म्हणतो तो हाच. हे मला मुलीच्या भूगोलाच्या पुस्तकात कळलं आणि त्या संध्याकाळी मी गॅलरीतून आत आलेच नाही. माझ्या गालाला लागून गेलेला वारा महिना-दीड महिन्यानं आमच्या पडवीवर आदळणार होता. तेव्हापासून कपडे उलटे उडाले की मी आधी आईंना फोन करते, मग तिकीट काढते.

२०२० साली तिकीट काढता आलं नाही. २३ मार्चपासून आपल्याकडे आंतरराष्ट्रीय विमानं बंद होती. ३ जूनला निसर्ग वादळ आलं. विषुववृत्ताच्या इतक्या जवळ पृथ्वीच्या फिरण्याचा जोर वाऱ्याला पीळ द्यायला पुरत नाही, म्हणून मोंबासाला अशी वादळं सहसा होत नाहीत. त्या दिवशी आमच्या गॅलरीत ऊन होतं. मी मोबाइलवर ढगांचं चक्र बघत होते आणि ते दापोली, मंडणगड, श्रीवर्धन असं नाव घेत घेत आमच्यावरून गेलं. त्यानंतर फोन मुका झाला. आईंचा आवाज ऐकायला नववा दिवस उजाडला. दापोलीला कामाला गेलेल्या कोणीतरी तिथून फोन लावून दिला होता. त्या म्हणाल्या, "घर आहे. ह्यांनी लावलेलं आगर गेलं गं."

आमच्या आगरात २३ माड होते, ९ राहिले. सव्वाशे सुपाऱ्यांतल्या ११ उभ्या होत्या, बाकीच्या मधोमध काडीसारख्या मोडल्या होत्या. वीज कित्येक आठवडे नव्हती. पत्रा आणि कौलं पैसे देऊनही मिळत नव्हती, कारण सगळ्या किनाऱ्याला एकाच वेळी हवी होती. मी रोज पैसे पाठवायला तयार होते आणि पाठवून उपयोग नव्हता. आई ७५ वर्षांच्या, वर ताडपत्री, खाली ओली चूल. पाखाडीतल्या उरलेल्या घरांनी त्यांना सांभाळलं. पाच बंद घरांच्या जागी दहा असती तर कोणी सांभाळलं असतं, हा विचार तेव्हापासून माझ्या मनातून जात नाही.

कागदपत्रांचाही एक डोंगर आहे. आमचे कामाचे परवाने ठरावीक मुदतीचे असतात. ती संपत आली की घरातली हवा बदलते. नवरा जेवताना गप्प असतो. केनियात सात वर्षं सलग कायदेशीर राहिलेल्या माणसाला नागरिकत्वासाठी अर्ज करता येतो आणि २०१०च्या त्यांच्या राज्यघटनेनं दुहेरी नागरिकत्वही मान्य केलं. आपला कायदा ते मानत नाही. तिथला पासपोर्ट घेतला की इथला गेला, मग ओसीआय कार्ड, परदेशी नागरिकत्व घेतलेल्या मूळच्या भारतीयांना मिळतं ते. त्या कार्डावर शेतजमीन विकत घेता येत नाही, पण वारशानं आलेली ठेवता येते. म्हणजे आगर राहील, सातबाऱ्यावर नाव चढेल. पण त्यात एक माडाची पट्टी शेजारून घ्यायची म्हटली तर नाही.

मुलगी १९ वर्षांची. तिथे जन्मली म्हणून आपोआप तिथली झाली नाही, आईबापांपैकी कोणी नागरिक असावं लागतं. २०१७ साली केनियाच्या सरकारनं तिथल्या आशियाई वंशाच्या लोकांना देशाची ४४वी जमात म्हणून मान्यता दिली, तेव्हा तिच्या वर्गातल्या मैत्रिणींनी पेढे वाटले. त्यांचे पणजोबा इंग्रजांनी तिथे रेल्वे बांधली त्या काळात आलेले. आम्ही परवान्यावरचे, आम्ही त्यात नाही. ती रात्री विचारत होती, मग मी कुठल्या रांगेत? ती म्हणते, अर्ज करा. नवरा म्हणतो, आई आहे तोवर थांबू. हे वाक्य मला सहन होत नाही. त्यात एका माणसाच्या नसण्याची वाट बघितल्यासारखं होतं. मी त्याला तसं बोलले आहे आणि त्यालाही ते लागलं, कारण त्याच्या मनात तसं मुळीच नव्हतं.

त्याला एक जुनी जखम आहे. २०१३ साली सासरे गेले तेव्हा तो मिळेल त्या विमानानं निघाला आणि पीतज्वराच्या, म्हणजे यलो फीव्हरच्या, लसीचा दाखला कपाटात राहिला. केनियातून येणाऱ्याला तो दाखला लागतो. सहा दिवस त्याला वेगळं ठेवलं. नियम योग्यच होता, तो रोग आपल्याकडे नाही आणि येऊ नये. पण वडील मुंबईपासून एका रात्रीच्या अंतरावर गेले होते आणि मुलगा मुंबईतच खिडकीत बसून होता. अग्नी पुतण्यानं दिला. २०१६पासून त्या लसीचा दाखला जन्मभर चालतो. आमचे तिघांचे दाखले आता पासपोर्टलाच चिकटून असतात. जी कोणी केनिया, युगांडा, इथियोपियाकडे राहत असतील त्यांनी हे आज रात्रीच तपासून बघावं.

परतीच्या सामानाची तयारी आई करतात. केनियात ऑगस्ट २०१७पासून प्लास्टिकच्या पिशव्यांवर कडक बंदी आहे, विमानतळावरच काढून घेतात. म्हणून आई जुन्या लुगड्यांच्या पिशव्या शिवून ठेवतात, प्रत्येकीला नाडी. आमसुलं, मेतकूट, कुळथाचं पीठ, फणसपोळी. कोकमाचं आगळ तेवढं घट्ट झाकणाच्या बाटलीत. यंदा टाके वाकडे आलेत, डोळ्यांचं काम दिवाळीपर्यंत करून घ्यायला हवं. दिवाळीला त्यांना डॉक्टरकडे कोण नेणार, हे अजून ठरलेलं नाही. माझ्या चुलत दिराला विचारलंय.

आई, मोंबासाला चला, असं मी दर वर्षी म्हणते. एकदा आल्या होत्या, तीन महिने. सगळं आवडलं. नाझी फोडून बघितला, खोबरं जाड आहे म्हणाल्या. सुरमईला तिथे न्गुरू म्हणतात हे शिकल्या आणि कोळणीशी स्वाहिलीत भाव केला. मग जूनच्या पहिल्या आठवड्यात रात्री उठून बसायला लागल्या. काय झालं विचारलं तर म्हणाल्या, "पडवीत गळत असेल." त्यानंतर मी आग्रह करताना आवाज खाली ठेवते.

२०२१ साली आम्ही कृषी विद्यापीठातून बाणवली जातीच्या माडाची १२ रोपं आणली. विमानं अजून धड सुरू नव्हती, कुठून कुठून फिरून मी एकटी आले. खड्डे काकांनी काढले, रोपं आईंनी आणि मी लावली, आईंनी प्रत्येक खड्ड्यात मूठभर मीठ टाकलं. बाणवलीला फळ धरायला सहा-सात वर्षं लागतात. आज दुपारी झापं संपल्यावर आई म्हणाल्या, विहिरीकडचा तिसरा माड बघून ये. मी गेले. झावळीच्या बगलेत हिरवट टोक बाहेर आलं होतं, पोय, म्हणजे माडाचा फुलोरा. आईंनी ते माझ्या येण्याच्या आधीच बघितलं होतं आणि १८ दिवस सांगितलं नव्हतं. पहिली पोय टिकेलच असं नाही, बोंडं गळतात. टिकली तर तिचा नारळ उतरायला वर्ष लागेल, म्हणजे पुढच्या आगोटीला.

आत्ताच नवऱ्याचा फोन येऊन गेला. तिकडे कुसी जोरात आहे, गॅलरीतली कुंडी पडली म्हणाला. मी त्याला पोयीचा फोटो पाठवला आणि काकांना सांगितलं, उद्या सकाळी लवकर या, पडवीची दक्षिणेकडची बाजू अजून उघडी आहे.